पंचनाम्यात ‘मी’ नसतो

मी २००१ साली महाराष्ट्र पोलीस दलात शिपाई म्हणून भरती झालो आणि आज मुंबई–गोवा महामार्गालगतच्या एका पोलीस ठाण्यात हवालदार आहे. २०२३ च्या जुलैपासून सुमारे सहा महिने मी नियमित समुपदेशन घेतले आणि त्याहून अधिक काळ औषधे घेतली. ते सारे कसे घडले हे लिहून ठेवण्याचे कारण एकच आहे. त्या खोलीत गेल्यावर नेमके काय विचारतात, लिहिलेले कागद कुठे जातात, वरिष्ठांना काय कळते, गोळ्या किती दिवस घ्याव्या लागतात, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला बावीस वर्षांच्या नोकरीत कोणा सहकाऱ्याकडून मिळाले नव्हते. ते मिळाले असते तर मी कित्येक महिने आधी गेलो असतो. ठाण्याचे, जिल्ह्याचे आणि माणसांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

महामार्गावरच्या ठाण्यात अपघात हे रोजचे काम असते. अकस्मात मृत्यूची नोंद करणे, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली चौकशी करणे (१ जुलै २०२४ पासून हेच काम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते), इनक्वेस्ट पंचनामा, म्हणजे प्रेताच्या स्थितीची पंचांसमोरची लेखी नोंद, लिहिणे, प्रेत शवविच्छेदनासाठी पाठवणे आणि शेवटी मयताच्या घरी फोन करणे, असा त्याचा क्रम ठरलेला असतो. हा शेवटचा फोन कसा करावा हे आम्हाला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेले मला आठवत नाही. अशी किती कामे मी केली याचा हिशेब मी ठेवलेला नाही, आणि बहुतेकांची मला आज आठवणही नाही. म्हणूनच एका अपघाताने आपले असे काही व्हावे, हे मला स्वतःलाच पटत नव्हते.

२०२२ साली गणेशचतुर्थी ३१ ऑगस्टला होती. करोनाच्या निर्बंधांत दोन गणपती गेल्यानंतरचे ते पहिले मोकळे वर्ष असल्यामुळे मुंबई-ठाण्याहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग रात्रंदिवस तुटत नव्हती. चतुर्थीच्या अगोदर एका पहाटे एका वळणावर चारचाकी गाडी ट्रेलरवर मागून आदळली. मी पोहोचलो तेव्हा गाडी चालवणारा गृहस्थ जागीच गेलेला होता, त्याची बायको आणि आई जखमी होत्या, आणि मागच्या आसनावर नऊ-दहा वर्षांचा मुलगा बेशुद्ध होता, परंतु त्याचा श्वास चालू होता. आसनावर आरतीच्या सामानाची एक कापडी पिशवी होती. मी मुलाला उचलताना ती पिशवी माझ्या कोपराने खाली सरकली आणि आतले टाळ एकमेकांवर आपटले. त्या पावसात, त्या आरडाओरड्यात तो आवाज मला स्वच्छ ऐकू आला. मुलाला मी तेथे थांबलेल्या एका जीपमधून ग्रामीण रुग्णालयात पाठवले. सकाळी साडेसहाच्या सुमारास तो गेल्याचे कळले. मी सगळे कागद पूर्ण केले, दुपारी दोन वाजता घरी आलो, जेवलो आणि झोपलो. त्यानंतरच्या दहा महिन्यांत मी तशी सलग झोप पुन्हा घेतली नाही.

सुरुवातीला मला वाटले की ही बंदोबस्ताची दगदग आहे. पहाटे साडेतीन-चारला जाग यायची आणि पुन्हा डोळा लागायचा नाही. त्या वळणावरून जायचे झाले तर मी गाडी दुसऱ्याला चालवायला देत असे. कार्तिकात गावच्या देवळात काकड आरती सुरू झाली तेव्हा मी आपणहून रात्रपाळी मागून घेतली, आणि ठाण्यातल्या लोकांना मी कामसू वाटलो. एकादशीचे भजन, शेजारची सत्यनारायणाची पूजा, शाळेतला कार्यक्रम, जेथे टाळ वाजण्याची शक्यता होती त्या प्रत्येक ठिकाणी माझी नेमकी त्याच वेळी ड्युटी निघू लागली. झोप यावी म्हणून मी दारू घेऊ लागलो. पूर्वी सणावारी घेत होतो, ती रोजची झाली. सर्वांत वाईट होता तो राग. तक्रार द्यायला आलेल्या म्हाताऱ्या बाईवर मी एकदा असा ओरडलो की ठाणे अंमलदाराने मला बाहेर नेऊन पाणी दिले.

याच काळात मुख्यालयात ताणतणाव व्यवस्थापनाची एक कार्यशाळा झाली. सभागृहात आम्ही दीडदोनशे जण गणवेशात बसलो होतो आणि पहिल्या रांगेत अधिकारी होते. व्याख्यात्यांनी सांगितलेले श्वासाचे व्यायाम आणि झोपेचे नियम योग्यच होते, हे मला पुढे कळले. शेवटी त्यांनी कोणाला काही विचारायचे आहे का असे विचारले, तेव्हा एकही हात वर झाला नाही. ज्यांच्या हातात आपली बदली, रजा आणि गोपनीय अहवाल आहे त्यांच्या पाठीमागे बसून ‘मला रात्री झोप लागत नाही’ असे उभे राहून सांगणारा शिपाई मी अद्याप पाहिलेला नाही. व्याख्यान आणि समुपदेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्याख्यानाची हजेरी घेता येते आणि आकडा वर पाठवता येतो, म्हणून बहुधा व्याख्याने अधिक होत असावीत. मुख्यालयात समुपदेशकांसाठी एक खोलीही होती, परंतु तिचे दार ज्या व्हरांड्यात उघडत होते त्याच व्हरांड्यातून पगारपत्रक, रजा आणि बदलीच्या कामासाठी जिल्ह्यातला प्रत्येक माणूस जात-येत असे. त्या दाराशी मी दोनदा जाऊन परत आलो.

मे महिन्यात एका रात्री जेवताना माझ्या मुलाच्या हातून स्टीलची ताटली फरशीवर पडली. मला पुढचे नीट आठवत नाही. भानावर आलो तेव्हा माझ्या मुठीत त्याची कॉलर होती आणि तो भिंतीला टेकलेला होता. तो तेव्हा नुकताच दहावीची परीक्षा देऊन बसला होता, उंचीने माझ्याएवढा झाला होता, आणि तरीही त्याने हात वर केला नाही. मुले झोपल्यावर बायको मला हलक्या आवाजात म्हणाली, “अहो, तुम्ही ड्युटीवर असता तेव्हा ही दोघं हसतात. तुमच्या गाडीचा आवाज आला की गप्प होतात.” तिने यापेक्षा एक शब्दही अधिक सांगितला नाही.

जूनमधल्या एका रात्रपाळीत, महामार्गावरच्या चौकीत एकटा असताना, मी १४४१६ हा क्रमांक लावला. हा क्रमांक केंद्र शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याविषयीच्या दूरध्वनी सेवेचा आहे; ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती चोवीस तास आणि विनामूल्य असते आणि तिच्यावर मराठीतही बोलता येते. रुग्णालयाच्या भिंतीवर तो क्रमांक मी कामानिमित्त वाचलेला होता. मी प्रथम विचारले ते हे की, नाव सांगावे लागेल का. पलीकडच्या व्यक्तीने सांगितले की नाव सांगितले नाही तरी चालेल. मग तिने झोप, जेवण, दारू याविषयी विचारले आणि अगदी सरळपणे विचारले, “जगू नये, आपण नसलेले बरे, असं मनात येतं का?” असा प्रश्न मी आत्महत्येच्या प्रकरणांत नातेवाइकांना शेकडो वेळा विचारला आहे, परंतु तो मला कोणी कधी विचारला नव्हता. मी ‘हो’ म्हणालो. तो शब्द उच्चारताच माझे हात थरथरू लागले. पण आपण हे कोणाला तरी सांगितले, या जाणिवेने जो भार उतरला तो मी आजही विसरलेलो नाही. त्यांनी त्या रात्रीपुरते मी एकटा राहू नये असे पाहिले, म्हणजे चौकीवर दुसरा माणूस बोलावून घ्यायला लावला, आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाण्याचा दिवस ठरवून दिला.

जिल्हा रुग्णालयाला आमच्याकडे ‘सिव्हिल’ म्हणतात, आणि सिव्हिलमध्ये पोलिसाला ओळखत नाही असा कर्मचारी सापडत नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत मी गेलो, केसपेपर काढला आणि मानसोपचार विभागाच्या बाकावर बसलो, तर आरोपीला वैद्यकीय तपासणीसाठी घेऊन आलेले आमच्याच उपविभागातले दोन शिपाई समोरून आले. मी मेमो द्यायला आल्याचे सांगून तेथून निघून गेलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. हे लिहिण्याचे कारण असे की, पहिल्यांदा परत फिरलेल्या माणसाला आपण संधी घालवली असे वाटते. वास्तविक तो विभाग पुढच्या आठवड्यातही तेथेच असतो.

विभागात एक मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर आणि एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत्या. डॉक्टर औषधे देतात आणि मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात, हा फरक मला तोपर्यंत माहीत नव्हता. मानसशास्त्रज्ञ मॅडम वयाने माझ्याहून बऱ्याच लहान होत्या. त्यांनी पहिल्यांदा विचारले की मी तुम्हाला काय म्हणू, हवालदारसाहेब म्हणू की नावाने. दलात माणूस बक्कल नंबराने ओळखला जातो. मी नकळत तोच सांगायला सुरुवात केली होती. त्यांनी तो लिहून घेतला नाही.

मी मनाशी ठरवून गेलो होतो की कागदांचे विचारल्याशिवाय दुसरे काहीच बोलायचे नाही, आणि तसेच केले. त्यांनी सांगितले की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. माझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, किंवा कायद्याने सांगितलेल्या अशाच मोजक्या परिस्थिती आल्या, तरच त्याला अपवाद होतो, आणि तसे करण्याची वेळ आली तर त्या ते प्रथम मला सांगतील. माझ्या वरिष्ठांनी फोन करून विचारले तर काय, असे मी विचारले. “फोनवर मी तुम्ही इथे येता की नाही हेही सांगणार नाही,” असे त्या म्हणाल्या. कायदा राबवण्यात माझी उमर गेली, पण माझ्या बाजूने उभा राहणारा एखादा कायदा मला त्या दिवशी पहिल्यांदा कोणी वाचून दाखवला.

पहिल्या भेटीत त्यांनी नऊ प्रश्नांचा एक मराठी तक्ता भरून घेतला. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही असे किती दिवस झाले, झोप किती दिवस बिघडली, मरणाचे विचार किती दिवस आले, अशा प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण असतात. माझे १७ झाले. सत्तावीसपैकी सतरा म्हणजे बऱ्यापैकी गंभीर, असे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. दुसऱ्या एका प्रश्नावलीवरून आणि बोलण्यावरून निष्कर्ष निघाला तो असा की, नैराश्याबरोबरच मला आघातानंतर येणारा तणावविकारही होता. घटना पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, तिची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणे, सतत सावध आणि चिडलेले राहणे, आणि हे सारे महिन्याहून अधिक काळ टिकणे, ही त्याची लक्षणे. मी रात्रपाळ्या मागून घेत होतो, तो कामसूपणा नसून टाळणे होते, हे ऐकून मी खूप वेळ गप्प राहिलो.

शस्त्राचा प्रश्न त्याच भेटीत निघाला. तुमच्याकडे शस्त्र असते का, ड्युटी संपल्यावर ते कुठे जमा होते, घरी नेता का, असे त्यांनी विचारले. माझ्याकडे कायमचे शस्त्र नव्हते, परंतु सशस्त्र गार्डची पाळी येत असे. ती पाळी आणि रात्रपाळी काही काळ बंद ठेवावी, असे डॉक्टर आणि मॅडम दोघांचेही मत पडले. डॉक्टरांनी दिलेल्या दाखल्यात आजाराचे नाव लिहिले नाही. प्रकृतीच्या कारणास्तव तीन महिने रात्रपाळी व सशस्त्र गार्ड देऊ नये, एवढेच लिहिले. आमचे तेव्हाचे प्रभारी अधिकारी तो कागद पाहून म्हणाले की गणपती तोंडावर आले की सगळेच आजारी पडतात. त्या वाक्याने मी पुढची भेट चुकवली. त्यांच्यानंतर आलेल्या निरीक्षकांनी एकही प्रश्न न विचारता दर गुरुवारी सकाळी मला मोकळे केले आणि डायरीत ‘सिव्हिल, शासकीय कामी’ अशी खोटी नोंद न करता सरळ माझी सुट्टी लावली. एका ठाण्यातल्या माणसाचा उपचार चालेल की बंद पडेल हे अजूनही खुर्चीत कोण बसले आहे यावर ठरते, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

औषधांविषयी थोडक्यात सांगतो. मला सर्ट्रालीन हे औषध कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवले. पहिला आठवडा पोटात ढवळत होते. परिणाम दिसायला तीनचार आठवडे लागतील हे डॉक्टरांनी आधीच बजावले नसते तर मी दहाव्या दिवशी गोळ्या फेकून दिल्या असत्या. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, मात्र त्या मनाने अचानक बंद करायच्या नसतात. दारू सोडायला मला गोळ्यांपेक्षा अधिक कष्ट पडले, आणि दोन वेळा मी घसरलोही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. चौथ्या भेटीत मॅडमनी मला तो अपघात सांगायला सांगितला. मी सांगितला. मला वाटले की फार व्यवस्थित सांगितला. ‘सदर ठिकाणी जाऊन पाहणी केली असता चारचाकी वाहनाच्या मागील आसनावर एक बालक, वय अंदाजे ९ ते १० वर्षे, बेशुद्ध अवस्थेत मिळून आला. त्यास उपचारकामी खाजगी वाहनाने रवाना करण्यात आले.’ त्यांनी मध्येच थांबवून विचारले, “कोणी रवाना केलं?”

मला उत्तर द्यायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. पंचनाम्यात ‘मी’ नसतो. तेथे पाहणी केली जाते, प्रेत मिळून येते, जखमीस रवाना करण्यात येते. हे सारे करणारा माणूस वाक्यातून गेलेला असतो, आणि पुराव्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. परंतु बावीस वर्षे ती भाषा लिहून लिहून मी स्वतःशीही त्याच भाषेत बोलू लागलो होतो. ‘मी’ असे मी शेवटी म्हणालो. मी त्याला जीपमध्ये घातले. १०८ ची रुग्णवाहिका येण्याची वाट मी पाहिली नाही. रुग्णवाहिकेत प्राणवायू असतो, डॉक्टर असतो. जीपमध्ये एक घाबरलेला ड्रायव्हर होता. मी वाट पाहिली असती तर तो वाचला असता, हे वाक्य दहा महिने रोज पहाटे साडेतीनला माझ्या उशाशी येऊन बसत होते आणि मी ते बायकोलाही सांगितले नव्हते.

मॅडमनी ‘तुमची काही चूक नाही’ असे म्हटले नाही. तसे म्हणणारे पुष्कळ लोक मला भेटले असते, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नसता. त्यांनी एक पद्धत समजावून सांगितली. डोळे मिटून घटना पहिल्यापासून सांगायची, प्रथमपुरुषी, वर्तमानकाळात, जणू ती आत्ता घडते आहे. आवाज, वास, थंडी, हातांना काय लागते ते सारे सांगायचे. संपली की पुन्हा पहिल्यापासून सांगायची. मध्येमध्ये त्या विचारत, शून्य ते शंभर यांत त्रास आत्ता किती आहे. तो आवाज माझ्याच मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचा आणि घरी रोज एकदा ऐकायचा. टाळल्याने भीती टिकून राहते, आणि सुरक्षित जागी तिच्यासमोर पुरेसा वेळ थांबले की ती ओसरू लागते, असे त्यामागचे तत्त्व आहे. हे उपचार प्रशिक्षित व्यक्तीबरोबरच करावेत, एकट्याने करू नयेत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले होते.

‘मी पावसात उभा आहे. मी दार ओढतो आहे, दार उघडत नाही.’ पहिल्या दिवशी आकडा ९५ वर गेला आणि मी ओकलो. त्या आठवड्यात मी एकदाच ध्वनिमुद्रण ऐकले आणि बाकीचे दिवस ऐकल्याचे खोटे सांगितले. मॅडमनी ते ओळखले, आणि रागावल्या नाहीत. हळूहळू मी ऐकू लागलो. परसातल्या आंब्याखाली खुर्ची टाकून मी कानाला हेडफोन लावत असे आणि बायको तेवढा वेळ ओसरीवर तांदूळ निवडत बसत असे. तिला काय चालले आहे ते मी सांगितले होते; पण ऐकवले नाही, आणि तिने मागितलेही नाही.

तिसऱ्या की चौथ्या वेळी सांगताना माझ्या तोंडून असे वाक्य निघाले: ‘मी फोन कानाला लावला आहे.’ मी थबकलो. हा फोन आजवरच्या माझ्या आठवणीत नव्हता. कोणाला लावला आहे, असे त्यांनी विचारले. १०८ ला. ते सांगताहेत की गाडी दुसऱ्या अपघातावर गेली आहे, वेळ लागेल. ठाण्यात आल्यावर मी त्या दिवसाची स्टेशन डायरी उघडली. नोंद होती, वेळेसह होती, आणि माझ्याच अक्षरात होती. वाट न पाहण्याचा निर्णय मी घाबरून नव्हे, तर विचारून घेतला होता, आणि तरीही दहा महिने मी स्वतःवर जो आरोप ठेवला होता त्याच्या तपासात हा कागद एकदाही काढून पाहिला नव्हता.

त्यानंतर मी ग्रामीण रुग्णालयात गेलो. ज्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्या मुलाचे शवविच्छेदन केले होते त्यांना मी दर आठवड्याला भेटत होतो, परंतु हे कधी विचारले नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “डोक्याची इजा फार मोठी होती. जगण्याची शक्यता फारच कमी होती. अजिबात नव्हती असं मात्र मी तुम्हाला लिहून देणार नाही.” त्यांनी मला बरे वाटावे म्हणून खोटे सांगितले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. उरलेला तो थोडासा भाग माझ्याजवळच राहणार आहे; पण तो आता पहाटे साडेतीनला येत नाही.

टाळांसाठी वेगळी यादी केली. ज्या गोष्टी मी टाळत होतो त्या कमी त्रासाच्या ते अधिक त्रासाच्या अशा क्रमाने लिहिल्या. मोबाइलवर हलक्या आवाजात टाळ ऐकणे ३०, टाळ हातात धरणे ४५, एकदा वाजवणे ६०, देवळाबाहेर उभे राहून भजन ऐकणे ७०, घरची आरती ९०. आमच्या घरचे टाळ बायकोने आदल्या वर्षीच जुन्या साडीत गुंडाळून कपाटात वर ठेवले होते. का ठेवले ते तिने कधी सांगितले नव्हते. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी मी ते खाली काढले आणि मुलाला बोलावले. त्याला सांगितले की मी सांगेन तेव्हा एकदाच, हळू वाजव. तो माझ्यासमोर मांडी घालून बसला. त्याने टाळ हातात घेतले आणि माझ्याकडे पाहिले, आणि मला कळले की तोही घाबरलेला आहे, टाळांना नव्हे तर मला. मी त्याला मे महिन्यातल्या त्या रात्रीबद्दल तेव्हा पहिल्यांदा क्षमा मागितली. बापाने मुलाची क्षमा मागण्याची आमच्या घरात रीत नाही. माझ्या वडिलांनी कधी मागितली नव्हती. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “बाबा, वाजवू?” त्या महिन्यात रोज संध्याकाळी आम्ही दहा मिनिटे तसे बसत होतो. शेवटी शेवटी तो अभंगाचा ठेका धरू लागला आणि मी त्याला बस म्हणेपर्यंत थांबत नसे.

२०२३ मध्ये चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. मला बंदोबस्त होता, तरी निरीक्षकांनी एका संध्याकाळची सवड दिली. पहिल्या आरतीला मी देवासमोर उभा राहिलो, दुसऱ्या आरतीला घाम फुटला म्हणून दाराशी आलो, तिसरी अंगणातून ऐकली. मॅडमना हे सांगताना मला अपयश आल्यासारखे वाटत होते. त्यांनी विचारले की मागच्या वर्षी तुम्ही आरतीच्या वेळी कुठे होतात. मी चाळीस किलोमीटरवर, मागून घेतलेल्या ड्युटीवर होतो.

नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या एका अपघातानंतर झोप पुन्हा बिघडली आणि मला ठरल्याहून चार भेटी अधिक घ्याव्या लागल्या. असे होऊ शकते हे आधी सांगितलेले असल्यामुळे मी घाबरलो नाही आणि दारूकडेही वळलो नाही. डिसेंबरअखेर त्याच तक्त्यावर माझे गुण ६ होते. औषधे पुढच्या वर्षी डॉक्टरांच्या सांगण्यावरून टप्प्याटप्प्याने कमी करून बंद केली.

एक गोष्ट मात्र समुपदेशनाने होण्यासारखी नाही, आणि ती मी मॅडमनाही सांगितली. सलग बारा तास, बंदोबस्तात त्याहून अधिक उभे राहणाऱ्या माणसाला झोपेची वही भरायला सांगता येते, पण झोपेची वेळ कोठून आणणार? मुंबईत २०१६ साली, दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना, देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला आणि त्याचा आराखडा एका पोलीस शिपायाने मांडला होता, हे आम्ही वाचले तेव्हा आमच्या ठाण्यात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. २०२२ मध्ये महिला पोलिसांसाठी आठ तासांचा निर्णय झाला. महामार्गावरच्या आमच्यासारख्या ठाण्यात मनुष्यबळ जेवढे आहे तेवढ्यात तो कसा राबवायचा, हा प्रश्न प्रत्येक सणाला तसाच उभा राहतो. समुपदेशकाची खोली व्हरांड्यातून हलवायला मात्र मनुष्यबळ लागत नाही, आणि ते मी लेखी अर्ज करून कळवले आहे.

पंचनामे मी आजही त्याच भाषेत लिहितो. न्यायालयाला तेच लागते आणि तेच लागावे. फरक इतकाच आहे की मॅडमच्या सांगण्यावरून मी घरी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. ज्या दिवशी प्रेताचे काम केले असेल त्या दिवशी अंघोळ झाल्यावर मी तिच्यात दोनतीन वाक्ये लिहितो. परवाची नोंद अशी आहे: ‘मी ट्रॅक्टरखालून एका म्हाताऱ्याला काढले. मी त्याचे धोतर सारखे केले. त्याच्या सुनेला फोन मी केला.’